पेन ड्राइव्हवरच्या स्क्रिप्ट : एका मशीनवर चालतात, दुसऱ्यावर रुसतात

हापूसवाला_नाही

मंडळी, देवगड तालुक्यात गावोगावी कॉम्प्युटरची किरकोळ कामं करतो. गिऱ्हाइकं म्हणजे दोन बागायतदार, एक मच्छीमार सोसायटी, एक शाळा आणि एक पतसंस्था. कोणाकडे अजून विंडोज ७ आहे, कोणी कालपरवा ११ घेतलंय. नेट म्हणाल तर डोंगर आडवा आला की संपलं. त्यामुळे माझी सगळी हत्यारं एका पेन ड्राइव्हवर असतात.

त्यात तीन स्क्रिप्ट रोजच्या वापरातल्या. पहिली बॅच फाइल (विंडोजच्या आज्ञा ओळीने लिहिलेली), हिशोबाचं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेते. दुसरी पॉवरशेलची, प्रिंटरची अडकलेली रांग साफ करते. तिसरी पायथनची, फोटोंना तारखेप्रमाणे नावं देते (पीक विम्याच्या आणि शाळेच्या कामाला हे फार लागतं).

दुखणं असं की घरी तिन्ही सुरळीत चालतात. सोसायटीत बॅकअपवाली म्हणते की पाथच सापडत नाही. शाळेत पॉवरशेलची निळी खिडकी उघडते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मिटते. पतसंस्थेत तर अँटिव्हायरस पायथनची एक्झी फाइलच गिळून टाकतो, वर ढेकरही देत नाही.

दोन प्रश्न. कुठल्याही मशीनवर लावली तरी चालेल अशी स्क्रिप्ट कशी लिहायची? आणि मुळात हे पेन ड्राइव्हवरून करणं बरोबर आहे का?

ता. क. मी आंबे विकत नाही. नावातच लिहिलंय.

झापाचो_झील

ता सगळा ऱ्हवांदे. पेटी कितीक?

चाकरमानी_ठाणे

पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, दुसऱ्यावर इथे भांडण होणारच आहे.

बॅच फाइलमध्ये कुठेतरी 'ई:' किंवा 'एफ:' असं ड्राइव्हचं अक्षर थेट लिहिलेलं असणार. घरी पेन ड्राइव्हला ई मिळतं. सोसायटीच्या मशीनला डीव्हीडी ड्राइव्ह किंवा जादा पार्टिशन असेल तर तिथे जी मिळेल. अक्षर कधीच लिहायचं नाही. त्याऐवजी %~डीपी० वापरा. (आज्ञा देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थातच इंग्रजीत करायच्या.) स्क्रिप्ट ज्या फोल्डरात बसलीय त्याचा पूर्ण पत्ता त्यातून मिळतो, मग ड्राइव्हला काही का अक्षर मिळेना.

याचा दुसरा फायदा बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. बॅच फाइलवर राइट क्लिक करून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं की चालू फोल्डर तुमचा राहत नाही, विंडोजमधला सिस्टिम३२ होतो. मग 'डेटा फोल्डरमधली फाइल घे' म्हटलं की ती सिस्टिम३२ मध्ये शोधली जाते आणि पाथ सापडत नाही म्हणून ओरडा होतो. म्हणून पहिल्याच ओळीत पुशडी "%~डीपी०" लिहून चालू फोल्डर परत आपलाच करून मोकळं व्हायचं.

आता त्यातली खोच. %~डीपी० च्या शेवटी बॅकस्लॅश आधीच असतो. तुम्ही तो अवतरणचिन्हात घालून रोबोकॉपीला (विंडोजची फोल्डर कॉपी करायची आज्ञा) दिलात की शेवटचा बॅकस्लॅश आणि त्याला लागून आलेलं अवतरणचिन्ह मिळून रोबोकॉपीचा गोंधळ होतो. त्याला अवतरण संपलंच नाही असं वाटतं, आणि पुढचा पत्ताही तो पहिल्यातच गिळतो. उपाय एका टिंबाचा : "%~डीपी०." असं लिहायचं. टिंब म्हणजे 'हाच फोल्डर'. हे कुठल्या पुस्तकात पहिल्या पानावर नसतं, पण बॅकअप स्क्रिप्ट बिघडण्याची निम्मी कारणं मी इथे पाहिलीत.

अवतरणचिन्हं मात्र सगळीकडे हवीतच. कार्यालयातल्या मशीनवर लॉगिनचं नाव दोन शब्दांचं असतं, मध्ये जागा असते. अवतरण नसेल तर पहिल्या शब्दापाशीच गाडी अडते.

हापूसवाला_नाही

आभारी आहे. पण माझा डेटाही दर ठिकाणी वेगळ्या ड्राइव्हवर असतो. एका बागायतदाराकडे डीवर, सोसायटीत सीवर. तो कसा शोधायचा?

चाकरमानी_ठाणे

प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हिशोबाच्या फोल्डरात एक रिकामी खुणेची फाइल ठेवा, नाव काहीतरी वेगळं द्या. स्क्रिप्टने सी, डी, ई, एफ असं एकेक अक्षर घेऊन त्या ठिकाणी खूण आहे का ते बघायचं. सापडली तर पुढे, नाही सापडली तर तिथेच थांबायचं. 'थांबायचं' हे महत्त्वाचं. रोबोकॉपीला /एमआयआर (मूळ फोल्डरात नाही ते प्रतीतूनही पुसणारं) दिलेलं असेल आणि पत्ता चुकला, तर तो निमूटपणे समोरचं सगळं पुसून आरसा बनवतो.

सुरंगी

वेंगुर्ल्यात सेवा केंद्र चालवते, त्यामुळे यातलं बरंच नाकातोंडात गेलंय.

अक्षरानंतर दुसरा खोडा तारखेचा. बॅकअपच्या फोल्डरला %डेट% वापरून नाव देत असाल तर ते बंद करा. तो मजकूर त्या मशीनच्या रिजनल सेटिंगप्रमाणे येतो. एका मशीनवर भारतीय पद्धत, दिवस आधी. दुसरं कोणीतरी अमेरिकन सेटिंगवर ठेवलेलं, तिथे वार आणि महिना आधी, मध्ये तिरप्या रेघा. तिरपी रेघ फोल्डरच्या नावात चालत नाही, स्क्रिप्ट मरते. ती मरते ते एक वेळ बरं. जिथे मरत नाही तिथे ०४-०५ नावाचा फोल्डर तयार होतो आणि तो चार मेचा की पाच एप्रिलचा, हे मार्चअखेरचे हिशोब काढताना कोणालाच सांगता येत नाही.

पूर्वी लोक डब्ल्यूएमआयसी ही विंडोजची जुनी आज्ञा वापरून तारीख काढायचे. विंडोज ११ च्या २४एच२ पासून नव्या मशीनवर ते मुळातच नसतं. त्यापेक्षा बॅचमधूनच पॉवरशेलला गेट-डेट विचारायचं आणि साचा वर्ष-महिना-दिवस असा द्यायचा. फोल्डरही आपोआप क्रमाने लागतात.

तिसरा खोडा मराठी नावांचा. लोक फोल्डरला 'दाखले २०२४' असं नाव देतात आणि द्यावंच. बॅच फाइलमध्ये असं नाव लिहायचं असेल तर वर सीएचसीपी ६५००१ (विंडोजला यूटीएफ-८ अक्षरं वाचायला सांगणारी) ही ओळ हवी आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करताना सुरुवातीची बीओएम खूण नको. जुना नोटपॅड ती घालतोच, आणि मग पहिलीच ओळ विंडोजला कळत नाही. गंमत म्हणजे पॉवरशेल ५.१ चं नेमकं उलटं आहे. त्याला बीओएम नसेल तर तो मराठी अक्षरांचा कचरा वाचतो. काळ्या खिडकीत अक्षरांऐवजी चौकोन दिसले तरी घाबरू नका, कॉपी नीट झालेली असते.

फणसगरे

सुरंगीताई, %डेट%चा किस्सा आमच्याकडे शब्दशः झालाय. फक्त आमच्या हेडक्लार्कनी तो फोल्डर 'चुकीचा' म्हणून काढून टाकला.

टर्मिनलबुवा

एवढा आटापिटा कशाला? पेन ड्राइव्हवर लाइव्ह लिनक्स ठेवा. मशीन त्यावर सुरू करा, तुमचं पायथन, तुमचं शेल, तुमची सेटिंग, सगळं सोबत. समोर विंडोज ७ आहे की ११, फरकच पडत नाही.

खाडीकाठ

बुवा, तुम्ही शाळेत कधी आलायत का? गुहागर तालुक्यात शिक्षक आहे. आमच्या लॅबच्या मशीनला बायोसचा (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगचा) पासवर्ड आहे आणि तो ज्या पुरवठादाराला माहीत होता तो आता फोन उचलत नाही. लाइव्ह लिनक्स चालू होईपर्यंत तास संपतो. आणि प्रिंटरची रांग अडकलीय ती विंडोजमध्ये, ती लिनक्समधून कशी साफ करणार?

टर्मिनलबुवा

फाइल पुसून. सी ड्राइव्ह माउंट करायचा आणि स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरातल्या फाइली उडवायच्या.

खाडीकाठ

म्हणजे दार उघडं असताना कौलं काढून घरात शिरायचं. स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी) सर्व्हिस थांबवा, त्या फोल्डरातल्या फाइली पुसा, सर्व्हिस चालू करा, अर्ध्या मिनिटाचं काम.

टर्मिनलबुवा

बरं, माघार. पण ज्यांच्याकडे खरोखर लिनक्स आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगून जातो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ किंवा एक्सफॅट असेल तर त्यावर 'ही फाइल चालवता येते' अशी परवानगी नोंदवायची सोयच नसते. स्क्रिप्टवर डबल क्लिक करून उपयोग नाही, टर्मिनलमध्ये बॅश लिहून पुढे फाइलचं नाव द्यायचं. आणि ती स्क्रिप्ट विंडोजच्या नोटपॅडमध्ये दुरुस्त केली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जास्तीचं अदृश्य अक्षर बसतं. मग 'बॅड इंटरप्रिटर' आणि पुढे एम असं काहीतरी दिसतं. डॉस२युनिक्स हे साधन चालवा, ते अक्षर जातं.

निवृत्त_शाखाधिकारी

दुसऱ्या प्रश्नाकडे कोणीच वळत नाही म्हणून लिहितो.

पतसंस्थेच्या मशीनवर ठेवीदारांचा डेटा असतो. तिथे बाहेरचा माणूस स्वतःच्या पेन ड्राइव्हवरून, अ‍ॅडमिन हक्काने, वाटेल ती फाइल चालवतो, हे कोणाला विचारून? तोंडी 'या हो, बघा जरा' म्हणजे परवानगी नव्हे. आम्ही नोकरीत असताना यूएसबी पोर्ट बंदच असत आणि ते योग्यच होतं. २०१० साली उघडकीला आलेला स्टक्सनेट पेन ड्राइव्हवरूनच पसरला. त्यात फाइल उघडायचीही गरज नव्हती, फोल्डर उघडून शॉर्टकटचं चित्र नुसतं दिसलं की पुरे. बाहेरच्या नेटशी न जोडलेल्या यंत्रांपर्यंत तो अशाच वाटेने पोचला.

तुमचा अँटिव्हायरस फाइल गिळतोय म्हणजे त्याचं काम चोख करतोय. त्याला चुकवायचे उपाय इथे कोणी सांगू नयेत.

चाकरमानी_ठाणे

शाखाधिकारी साहेब, परवानगीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बाकी थोडं असहमत.

पायथनची स्क्रिप्ट एकाच एक्झीत बांधून दिली की अँटिव्हायरसला आत काय आहे ते कळत नाही. व्हायरसवालेही तीच बांधणी वापरतात, म्हणून तो संशयाने गिळतो. इथे चुकवाचुकवी नकोच. उलट एक्झी न बांधता स्क्रिप्ट साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवावी, जी मॅनेजरलासुद्धा नोटपॅडमध्ये उघडून वाचता येईल. लपवायचं काही नाही हे दिसतं.

निवृत्त_शाखाधिकारी

मॅनेजर पायथन वाचणार?

चाकरमानी_ठाणे

वाचणार नाही, पण ज्याला दाखवायची त्याला दाखवू शकेल.

भाट्ये_पूल

शाळेतल्या निळ्या खिडकीबद्दल. विंडोजच्या घरगुती आणि कार्यालयीन आवृत्त्यांत पॉवरशेलची एक्झिक्युशन पॉलिसी मुळात 'रिस्ट्रिक्टेड' असते, म्हणजे स्क्रिप्ट चालवूच नको. म्हणून पीएस१ फाइल थेट न उघडता शेजारी एक छोटी बॅच ठेवायची आणि तिच्यातून पॉवरशेलला -एक्झिक्युशनपॉलिसी बायपास -फाइल असं सांगून ती चालवायची. हे फक्त तेवढ्या एका खेपेपुरतं लागू होतं, मशीनची सेटिंग बदलत नाही. ती कायमची बदलून ठेवणारे 'तज्ज्ञ' जागोजागी भेटतात, तसं करू नका.

निवृत्त_शाखाधिकारी

'बायपास' हा शब्द वाचूनच माझं मत तुम्हाला कळलं असेल.

भाट्ये_पूल

साहेब, नाव वाईट आहे खरं. पण मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की ही पॉलिसी म्हणजे सुरक्षेची भिंत नव्हे, चुकून स्क्रिप्ट चालू नये एवढ्यापुरतीच आहे. जिथे खरंच अडवायचं असतं तिथे ग्रुप पॉलिसी (कार्यालयाने मशीनवर लावलेला नियम) लावतात, आणि ती लावलेली असेल तर हा बायपास चालतही नाही. पेन ड्राइव्हवरून काहीच चालू नये अशीही वेगळी ग्रुप पॉलिसी असते. कुठल्या कार्यालयात ती दिसली तर गुमान परत फिरावं.

आणि खिडकी मिटते तर चूक काय ते वाचणार कसं? बॅचच्या शेवटी पॉझ टाका. खिडकी उघडी राहते, लाल अक्षरं वाचता येतात, फोटो काढून इथे टाकता येतो.

खाडीकाठ

शाळेच्या मशीनवरचा आमचा अनुभव. मुलं प्रोजेक्टसाठी पेन ड्राइव्ह आणतात. शिमग्याची पालखी घरोघर जाते तशा त्या सायबर, झेरॉक्सवाला, मामाचा लॅपटॉप अशा सगळीकडून फिरून येतात. एका दिवशी प्रत्येक फोल्डरच्या जागी शॉर्टकट. मुलांना वाटलं प्रोजेक्ट गेले, दोघी रडायच्या बेतात.

फोल्डर गेलेले नसतात. व्हायरस त्यांना लपलेले आणि सिस्टिमचे असे शिक्के मारतो आणि त्याच नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. शॉर्टकट दाबला की आधी व्हायरस चालतो, मग फोल्डर उघडतो, म्हणून महिनोन्‌महिने कोणाला पत्ता लागत नाही. आधी मशीन स्कॅन करायचं, नाहीतर पुन्हा तेच. मग कमांड प्रॉम्प्टवर अ‍ॅट्रिब -एच -एस -आर आणि पुढे /एस /डी देऊन फोल्डर बाहेर काढायचे, शॉर्टकट पुसायचे.

पूर्वी ऑटोरनने पेन ड्राइव्ह लावताक्षणी लागण व्हायची. विंडोज ७ मध्ये ते पेन ड्राइव्हपुरतं बंद झालं, एक्सपी आणि व्हिस्टालाही फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने आवर घातला. आता माणसाने स्वतः दाबावं लागतं. आपली माणसं दाबतात.

म्हणून मूळ धागाकर्त्याला : तुमचा पेन ड्राइव्ह पाच ठिकाणी लागतो. शाळेतली घाण पतसंस्थेत नेणारे तुम्हीच ठराल. स्क्रिप्टचा ड्राइव्ह वेगळा, त्यावर काही लिहू न देणारा. बॅकअप घ्यायचा ड्राइव्ह प्रत्येक गिऱ्हाइकाचा स्वतःचा.

काजूबी

लिहू न देणारा म्हणजे एसडी कार्डाला बाजूला खिट्टी असते ती? रीडरमध्ये घालून पेन ड्राइव्हसारखं वापरलं तर?

खाडीकाठ

बऱ्याच अंशी चालतं. पण ती खिट्टी कार्ड पाळत नाही, रीडर पाळतो. स्वस्तातला रीडर तिकडे ढुंकूनही बघत नाही. आधी एखादी फाइल टाकून बघा, घेतली तर रीडर बदला. काही पेन ड्राइव्हना खरी राइट-प्रोटेक्टची खिट्टी असते, मिळाली तर तीच उत्तम.

झापाचो_झील

माझ्या चुलत भावान जत्रेत २ टीबीचो पेन ड्राइव्ह घेतल्यान. लग्नाचे सगळे फोटो त्यात घातल्यान. आता अर्धे फोटो उघडतत, नवऱ्याचे गेले, व्हकलेचे आसत.

फणसगरे

संसार सुरळीत चालेल 😄

चाकरमानी_ठाणे

हसण्यावारी नेऊ नका. ते खोटे ड्राइव्ह असतात. आतली चिप थोड्याच जीबीची, विंडोजला मात्र २ टीबी असल्याचं सांगते. खरी जागा संपली की नवीन फाइली जुन्यांवर लिहिल्या जातात किंवा हवेत जातात, आणि कॉपी मात्र यशस्वी दिसते. नवा ड्राइव्ह घेतला की एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट साधन चालवा, लिनक्सवर एफ३. पूर्ण भरून परत वाचून बघतं. वेळ लागतो, रात्री लावून झोपा. वीज राहिली तर.

वाशिष्ठी

चिपळूण. २२ जुलै २०२१ ला बाजारपेठेत पाणी शिरलं तेव्हाचं सांगते. आमच्या दुकानाचा बॅकअप नियमाने व्हायचा. कुठे, तर मशीनच्याच टेबलाच्या खणात ठेवलेल्या पेन ड्राइव्हवर. मशीन आणि खण एकाच पाण्यात गेले. हिशोब परत उभा केला तो व्यापाऱ्यांच्या बिलांच्या प्रतींवरून आणि सीएच्या मेलमधल्या जुन्या फाइलींवरून.

स्क्रिप्ट कशी लिहायची ते इथे शहाणी माणसं सांगतायत. मी एवढंच म्हणेन की बॅकअपवाल्या ड्राइव्हने त्या इमारतीत मुक्काम करू नये. एक प्रत मालकाच्या घरी, आणि घर नदीकाठी नसावं.

काजूबी

ताई, तो भिजलेला ड्राइव्ह तांदळात ठेवून बघितलात का?

वाशिष्ठी

तांदूळही पाण्यातच होते.

भाट्ये_पूल

तांदळाने काही होत नाही, उलट पिठूळ धूळ सॉकेटात जाते. चिखलाच्या पाण्यात गेलेला ड्राइव्ह आधी स्वच्छ पाण्याने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवायचा. घाईने मशीनला लावायचा नाही. आतल्या चिपला पाण्याने फारसं होत नाही, ओला असताना वीज दिली की मरते.

पूर सोडा, आपल्याकडे नुसत्या खाऱ्या हवेनेही पोर्ट जातात. किनाऱ्यालगतच्या मशीनचे पुढचे यूएसबी बघा, पत्र्यावर गंज आणि आतल्या पट्ट्यांवर हिरवट थर. ड्राइव्ह लागतो, सुटतो, परत लागतो, आणि दर वेळी आवाज करतो. लोक स्क्रिप्टला दोष देतात. आधी मागचा पोर्ट वापरून बघा.

व्यवस्थापक

पेटीचे दर, जत्रा आणि लग्नाचे फोटो यांच्या पोस्टी गप्पांच्या धाग्यात हलवणार होतो, पण त्या मुख्य चर्चेत इतक्या गुंतल्यात की राहू देतो. पुढे विषयाला धरून लिहावं.

झापाचो_झील

व्यवस्थापकांक दोन डझन माझ्याकडसून.

भाट्ये_पूल

पायथनचं राहिलं. समोरच्या मशीनवर पायथन असेल अशी आशा धरू नका. पायथनच्या अधिकृत साइटवर 'एम्बेडेबल' नावाची झिप मिळते, ती उघडून फोल्डर तसाच पेन ड्राइव्हवर ठेवायचा, इन्स्टॉल काहीच नाही. विंडोज ७ ला धरून चालायचं असेल तर ३.८ च्या पुढे जाता येत नाही, ३.९ त्यावर चालतच नाही. आणि ३२ बिटची घ्या, ती ६४ बिटवरही चालते. उलटं होत नाही.

३.८ ला आता सुरक्षा अपडेट मिळत नाहीत, विंडोज ७ ला तर जानेवारी २०२० पासूनच नाहीत. फोटोंची नावं बदलायला हरकत नाही, त्यातून नेटवर काही उतरवू नका.

त्या झिपमध्ये पिप (लायब्ररी उतरवणारं साधन) नसतं. फोटो वाचायची पिलो लायब्ररी लागत असेल तर घरच्या मशीनवर त्याच आवृत्तीची, ३२ बिटची उतरवून फोल्डरात टाका आणि शेवटी ._पीटीएच असलेल्या फाइलीत त्या फोल्डराची ओळ घाला. लोक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (पायथनचा वेगळा कप्पा) बनवून ते कॉपी करतात, ते चालणार नाही. त्यात घरच्या मशीनचे पूर्ण पत्ते कोरलेले असतात.

स्वस्त ड्राइव्हवरून पायथन सुरू व्हायला वेळ लागतो, कारण बऱ्याच बारीक फाइली आणि प्रत्येकीला अँटिव्हायरस हुंगतो. कंटाळा आला तर बॅचने तो फोल्डर आधी मशीनच्या टेंपमध्ये कॉपी करावा, काम झालं की पुसावा.

हापूसवाला_नाही

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

सोसायटीत अ‍ॅडमिन म्हणून चालवत होतो, म्हणजे सिस्टिम३२ चाच घोळ. पुशडी घातलं, खुणेची फाइल ठेवली, सुटलं. शाळेत पॉझ टाकल्यावर लाल अक्षरं वाचता आली. पॉलिसी हा एक अडथळा होता, तो गेल्यावर दुसरा निघाला. मी स्क्रिप्टचा फोल्डर $पीएसस्क्रिप्टरूट वरून घेत होतो, आणि त्या विंडोज ७ वर पॉवरशेल २ आहे, तिथे तो रिकामाच येतो. आता सगळे पत्ते बॅचमध्येच %~डीपी० ने काढतो आणि पॉवरशेलला बाहेरून देतो. प्रिंटरचं काम तर खाडीकाठ सरांनी सांगितलं तसं नुसत्या बॅचमध्येच बसलं, पॉवरशेल हवंच कशाला होतं.

पतसंस्थेत चालवणं थांबवलंय. मॅनेजरना स्क्रिप्ट छापून दिल्यात, ते त्यांच्या सॉफ्टवेअरवाल्याला दाखवून लेखी कळवणार आहेत. तोवर तिथे माझा ड्राइव्ह खिशाबाहेर येणार नाही. शाखाधिकारी साहेब, हे तुमच्यामुळे.

गिऱ्हाइकांचे ड्राइव्ह वेगळे केले. एका बागायतदाराने पैसे द्यायला कुरकुर केली, त्याला वाशिष्ठीताईंची पोस्ट वाचून दाखवली.

एक नवीन प्रश्न. दुसऱ्या बागायतदाराच्या मुलीचा नवा लॅपटॉप आहे, त्यावर बॅचही उघडत नाही आणि पॉवरशेलही. सरळ नाही म्हणतो.

निवृत्त_शाखाधिकारी

लेखी परवानगीबद्दल समाधान वाटलं. त्या कागदावर स्क्रिप्टची तारीखही घाला. उद्या एक ओळ बदललीत तर परवानगी जुन्या स्क्रिप्टची राहते.

सुरंगी

सेटिंगमध्ये अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर बघा, 'एस मोड' लिहिलंय का. काही लॅपटॉप तसेच येतात. त्यात कमांड प्रॉम्प्ट, पॉवरशेल काहीच चालत नाही, फक्त स्टोअरमधली अ‍ॅप. एस मोड फुकटात बंद करता येतो, पण परत लावता येत नाही. मशीन मुलीचं आहे, तिला आणि तिच्या वडिलांना विचारूनच. नुसता बॅकअप हवा असेल तर फोल्डर हाताने ओढून टाका.

चाकरमानी_ठाणे

हापूसवाला, जाता जाता रोबोकॉपीचं एक बघून घ्या. एखादी फाइल दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडी असेल तर तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो, आणि मुळातली सेटिंग दहा लाख प्रयत्न, दर वेळी ३० सेकंद थांबून, अशी आहे. सोसायटीत टॅली उघडं ठेवून बॅकअप लावलात तर तुम्ही निवृत्त व्हाल, तो होणार नाही. /आर:१ /डब्ल्यू:१ द्या, आणि टॅली बंद करूनच चालवा. पेन ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर /एफएफटी पण द्या, कारण तिथे फाइलीची वेळ दोन सेकंदांच्या पटीतच नोंदते आणि न बदललेल्या फाइलीही दर वेळी नव्या वाटतात.

हापूसवाला_नाही

दिलं. पण आता बॅकअप झाल्यावर माझी बॅच 'चूक झाली' म्हणून सांगते, फाइली तर सगळ्या आल्यात. निकालाचा आकडा १ येतोय.

चाकरमानी_ठाणे

रोबोकॉपीत १ म्हणजे फाइली कॉपी झाल्या. ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच. ८ किंवा त्यापुढचा आला तरच बिघाड. इफ एररलेव्हल ८ असं तपासा.

हापूसवाला_नाही

आता नीट सांगते. फाइल रविवारी इथे टाकतो, कोणाला लागली तर घ्या. अक्षर आणि फोल्डर तपासल्याशिवाय चालवू नका.